एकशे सतरा

फॉर्मवर आधीच छापलेलं होतं, श्री.
कुमुद फेगडेनं बॉलपेननं त्यावर एक रेघ ओढली,
वर काहीच लिहिलं नाही,
आणि खाली पगाराचा आकडा तपासला, दोनदा.
भुसावळात त्या दिवशी पंचेचाळीस होतं.
पगार देऊन बेसबॉल खेळवणारी सहा शहरांची लीग,
तिच्यात आमचा एक संघ,
आणि संघाची मॅनेजर बाई.
पानटपरीवर हसून हसून लोकांचा चुना सांडला.

पहिल्याच सामन्यात अंपायरनं
खेळाडूंची यादी घ्यायला हात पुढे केला
तो तिला ओलांडून, किटबॅग उचलणाऱ्या पोराकडे.
पोरगं गोंधळलं.
तिनं यादी त्या हातात ठेवली नि म्हणाली,
तिसरं नाव नीट वाचा. अत्तरदे आहे, अत्तार नाही.

हिशोब ती सावद्याला शिकली,
बापाबरोबर, केळीच्या काट्यावर.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
हमाल गाणी म्हणोत की शिव्या देवोत,
रेघ चुकायची नाही.
व्यापारी म्हणायचा शंभर घड, पोरगी म्हणायची एकशे तीन.
परत मोजायचे. एकशे तीनच भरायचे.
तसलीच वही तिनं मैदानात आणली.

खुणा तिच्या स्वतःच्या.
कानाची पाळी धरली की बंट.
बांगडी मागे सारली की पळ, बेस चोर.
पदर खोचला की काही करू नकोस, उभा राहा.
समोरचे संघ वर्षभर त्या हातांकडे बघायचेच नाहीत.
बाई म्हटल्यावर बांगड्या मागेपुढे होणारच,
असं त्यांना वाटायचं.
एकट्या नागपूरकडून आम्ही अकरा बेस चोरले.
एकदा तिचा कान खरंच खाजला
आणि आमच्या झांबऱ्यानं बंट टाकून विकेटच दिल्यासारखी केली.
सामन्यानंतर ती म्हणाली, चूक माझी. डास होता.
असं कबूल करणारा मॅनेजर
मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

पण मला सांगायचंय ते अमरावतीचं.
सातवी इनिंग, आम्ही एका धावेनं पुढे,
त्यांचे दोघं बेसवर, आणि टेकाडावर मी.
खांद्यात सकाळपासून काहीतरी कुरकुरत होतं
गाडीच्या कोरड्या आखासारखं.
कुणाला बोललो नव्हतो.
ती आली. धावत नाही, चालत,
चुन्याच्या रेघेवर पाय न देता.
"आण भो, चेंडू."
मी म्हणालो, अजून दोघं काढतो.
तिनं वही उघडून धरली.
रेघांची कुंपणं, तेवीस, आणि वर दोन सुट्या.
"एकशे सतरा झाले."
मागून कुणीतरी ओरडलं, बाई, घरी जा, वांगी भाजा.
मी चेंडू आवळून उभा, ती तळहात पसरून उभी.
मागणाऱ्याचा हात नव्हता तो.
काट्यावर माल ठेव म्हणतात, तसा होता.
ठेवला.

हरलो आम्ही.
माझ्या जागी आलेल्या पोराचा तिसराच चेंडू
त्यांनी पार बाभळीत भिरकावला.
दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो,
खाली काय छापलंय ते मी वाचलं नाही.
खोटं. वाचलं, नि बरं वाटलं.
सात महिने तिच्याशी बोललो नाही,
खुणा तेवढ्या पाळल्या.

पुढे ती अजून तीन हंगाम होती,
मग लीगच बुडाली, कुणाचाही दोष न काढता ती सावद्याला गेली,
शेवटचा पगार तिचा राहिलाच म्हणतात.

आता फैजपूर रस्त्यावर माझा ट्रक असतो.
रात्री माल भरला की ताडपत्रीवरून दोर फेकतो
याच हातानं, डोक्यावरून.
दोर दर खेपेला पलीकडे जाऊन पडतो,
क्लीनर ओढून गाठ मारतो, ओरडतो, अजून.
कधी कधी मी मोजतो.